बाईचं वाळवण

अगं ये, अशी जवळ बस. आधी मला सांग, पार्ल्याला राहून एवढी शहाणी कधीपासून झालीस? बोरिवलीहून बोटीने पलीकडे आलीस आणि उतरल्या उतरल्या म्हणतेस, "मावशी, तुमचा किनारा किती रिकामा!" रिकामा? मोठ्या मावशीला असं बोलतात होय? आता चहा पिऊन होईपर्यंत गप्प ऐक.

ऊन तापलं की आम्ही बायका वाळूवर जवळा सुकत घालतो, ती बारीक सुकट गं, तुझ्या आईला भाकरीबरोबर लागते ती. प्रत्येकीची जागा सासूच्या वेळेपासून ठरलेली. चार काठ्या रोवायच्या, जुन्या जाळ्याची दोरी ओढायची, की ते तिचं वाळवण. दोरीच्या आत दुसरीने पाय टाकायचा नाही. भांडणात एकमेकींच्या सात पिढ्या काढू, पण वाळवणात पाय नाही.

करोना ओसरल्यानंतरचा उन्हाळा. मी टोपलं घेऊन चालले होते, तर पुढ्यात मुठीएवढा पक्षी लंगडत, पंख ओढत चाललेला. म्हटलं, कुत्र्याने धरला असेल बिचाऱ्याला. मी मागे, तो पुढे. मला चांगलं लांब नेलं आणि भुर्रकन उडाला! या वयात मला एका पाखराने गंडवलं. परत पहिल्या जागी येऊन बघते तर वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्या कडेला, शिंपल्यांच्या चुऱ्यात अंडी. वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची. आणखी एक पाऊल टाकलं असतं ना, तर चिरडलीच होती.

घरटं कसलं, नुसता खळगा. वरून सुट्टीची गर्दी, क्रिकेट, घोडागाड्या. वाचवायची कशी? मला जे येतं तेच केलं. चार काठ्या रोवल्या, दोरी ओढली.

दुसऱ्या दिवशी शेजारीण कमरेवर हात ठेवून हजर. "काय गो, सासूने दिलेली जागा पुरत नाय? आता दर्या पण वाळत घालशील!"

"माझी नाय ती."

"मग कोणाची?"

"बाईची."

"कंची बाई? कोळीवाड्यात नवीन बाई आली नि मला ठाव नाय?"

तिला ओढून बाजूला बसवलं. थोड्या वेळाने बाई तुरुतुरु धावत आली आणि अंड्यांवर बसली. माझी शेजारीण, जिचं तोंड लग्नातसुद्धा बंद नव्हतं, ती हळूच म्हणाली, "अगो, पण आपल्या जवळ्यावर कावळे जमतात. हिची अंडी टिकतील काय?" आणि आपणहून स्वतःचं वाळवण तिने त्या दोरीशेजारी आणलं. आपले कावळे हाकायचेच असतात, त्यात बाईचेही हाकू लागली.

पुढे मी वाचलं, त्या पाखराला चिखल्या म्हणतात, आणि अंड्यांपासून लांब न्यायला ते लंगडण्याचं सोंग करतं. आम्ही बाईच म्हणतो.

आणि मग आला ट्रॅक्टर, किनारा साफ करायला. कचरा उचलावा, कोण नाही म्हणतं? पण तो मर्यादवेलही उपटत, वाळू खरवडत थेट दोरीकडे निघाला. आम्ही सगळ्या कावळे हाकायच्या काठ्यांसकट आडव्या उभ्या.

"मावशी, हटा ना. कोणाचं सामान आहे ते उचला," ड्रायव्हर म्हणाला.

"वाळवण हाय, दिसत नाय?" शेजारीण ओरडली.

"आत तर काहीच नाही!"

तेवढ्यात बाई स्वतःच ट्रॅक्टरपुढे लंगडत आली. ड्रायव्हर घाबरून खाली उतरला. "अरे यार, हिला लागलं का?"

मी म्हटलं, "नाय रे बाबा, तुला फसवतेय. आम्हांला पण फसवलंन्."

तो खो खो हसला. मग वाकून अंडी बघितली, आणि ट्रॅक्टर मोठा वळसा घालून नेला. तेवढी वेलही राहिली.

ती पिल्लं निघाली तेव्हा कापसाच्या बोंडांना पाय फुटल्यासारखी पळत सुटली. वाड्यातल्या म्हाताऱ्याही बघायला आल्या. आता दर उन्हाळ्यात वाळवणं घालण्याआधी आम्ही बाई कुठे बसलीय ते बघतो. पहिली दोरी तिची, मग आमच्या. हे कोणी शिकवलं नाही, कोणी सक्ती केली नाही. आमचा किनारा आम्ही बायकांनी राखला, हे मी मान ताठ करून सांगते.

यंदाही तिने जागा धरलीय. अंडी फुटली की पिल्लं लगेच घरटं सोडतात, मग वाळूत शोधून सापडायची नाहीत. म्हणून सांगते, आता सुट्टीची वाट बघत बसू नकोस. मुलांना घेऊन लवकर परत ये. फक्त वाळूत उतरायच्या आधी मला हाक मार हां, मी पुढे चालते.