इवायांचा गुडघा

जमिनीवर बसायची इतकी हौस आणि तिथून उठायची इतकी पंचाईत असलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. हे माझे व्याही. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि माझी लेक त्यांच्या घरी दिल्यापासून आम्ही दोघं एकमेकांना इवाईच म्हणत आलोय. जिंतूर तालुक्यातल्या बोरीला त्यांची थोडी शेती आहे. बायको चार वर्षांपूर्वी वारली, मुलगा आणि सून, म्हणजे माझी लेक, पुण्याला. घरात ते एकटेच. स्वतःच्या भाकरी स्वतः थापतात, रोज सकाळी गावच्या विहारात वंदना घेतात आणि खुर्चीचा मनापासून राग करतात.

लग्नाची बोलणी करायला ते पहिल्यांदा परभणीला आमच्याकडे आले, तेव्हा मी शेजारून चार जादा खुर्च्या मागून आणल्या होत्या. इवायांनी सगळ्यांना ‘जयभीम’ केला, सोफ्याकडे एकदा संशयानं पाहिलं आणि त्याच्याच पुढ्यात फरशीवर मांडी ठोकली. मुलाचा बाप खाली बसल्यावर मुलीकडच्यांनी वर कसं बसायचं? एकेक करून आम्ही सगळे उतरलो. माझे मेव्हणे वजनदार गृहस्थ आहेत. बोलणी आटोपल्यावर त्यांना उठवायला तिघं लागले. इवाई मात्र खुशीत होते. “खुर्चीवर बसून सोयरीक व्हती का कुठं? ते हापिसाचं काम झालं,” म्हणाले. एसटीतसुद्धा ते चपला काढून सीटवर मांडी घालतात, आणि शेजारचा उतारू बिचारा बोरी येईपर्यंत त्यांचा गुडघा बरगडीत घेऊन प्रवास करतो.

त्याच गुडघ्यांनी दगा दिला. उजवा जास्त. मीच त्यांना परभणीतल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, “काका, दोन हाडांमधली गादी पार झिजलीय. सांधा बदलावा लागेल. मग तुम्ही मजेत चालाल.”

“चालायचं ऱ्हाऊ द्या. बसायचं सांगा.”

“बसायचं खुर्चीवर. मांडी नाही, उकिडवं नाही, संडासला कमोड.”

इवाई उठले, म्हणजे मी त्यांना उठवलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, “लय हुशार डॉक्टर हाय. पुन्हा याच्याकडं यायचं न्हाई.”

वर्षभर ते आले नाहीत. मग एका सकाळी विहारात भलतंच झालं. वंदना संपली, बायका उठू लागल्या आणि टेकलेल्या गुडघ्यांवरून इवायांना काही केल्या उठता येईना. मदत मागणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी डोळे मिटले आणि वंदना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. बायका मुकाट्यानं परत बसल्या. ती संपल्यावर त्यांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली, तेव्हा मात्र स्वयंपाक खोळंबलेल्या बायका एकेक करून निघाल्या. “किती मन लागायलंय काकाचं,” असं म्हणत गेल्या. अखेर झाडायला आलेल्या बाईनं पाहिलं, की काका म्हणतायत वंदना पण डोळ्यांतून पाणी चाललंय. तिनं दोन माणसं बोलावून आणली. त्या दुपारी मला फोन आला. “इवाई, त्या हुशार डॉक्टरला म्हणावं, बसव काय बसवायचं ते.”

तारीख ठरली आणि माणूस एकदम कामाला लागला. डॉक्टरांनी दात तपासून घ्या म्हटल्यावर आधी एक किडका काढून आले. साखर तपासली, रक्त तपासलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायचा व्यायाम शिकवला होता, तो ते ओट्यावर पाय पसरून करायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला करायला लावायचे. पण खरी तयारी निराळीच होती. आता मांडी बंद होणार म्हणून त्यांनी ज्याच्या-त्याच्या घरी जाऊन जमिनीवर शेवटचं बसून घेण्याचा सपाटा लावला. पंधरा दिवस रोज कुणाकडे ना कुणाकडे जेवण. बसताना हाय, उठताना हाय, मध्ये वरण-भात. आमच्याकडे आले तेव्हा जेवण झाल्यावरही तास-दीड तास हलेनात. फरशीवर हात फिरवत म्हणाले, “गारवा काय सुरेख हाय हो तुमच्या घराला.” मी आणि बायकोनं दोन्ही बगलांत हात घालून त्यांना उठवलं, तेव्हा आमच्या दोघांच्याही कमरा आठवडाभर बोलत होत्या.

ऑपरेशनला मुलगा पुण्याहून आला. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं अंग बधिर करणार, हे कळल्यावर इवायांनी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली, “जुनं हाड मला देता का?” ते मिळणार नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. बाहेर आणलं तेव्हा अर्धवट गुंगीत होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, “इवाई, आतमधी सुतारकाम चालू हाय. हातोडी मी सोताच्या कानानं ऐकलीय. डॉक्टरला ठावं हाय का बघा.”

दुसऱ्याच दिवशी त्यांना वॉकर धरून उभं केलं. चार पावलं टाकली, चेहरा घामानं निथळला, पण ओरडले नाहीत, फक्त व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला विचारलं, “माय, तू कुण्या गावची?” तिनं पालम म्हटल्यावर म्हणाले, “तरीच.” का, ते तिलाही कळलं नाही आणि मलाही.

मुलाची रजा संपली. टाके निघेपर्यंत परभणीतच राहायचं होतं, म्हणून मी त्यांना आमच्या घरी आणलं. इथून पुढचे दोन दिवस मात्र अवघड गेले. सुनेच्या माहेरी, तिच्या बापाच्या खांद्यावर हात टाकून संडासला जायचं, ही गोष्ट इवायांच्या गळी उतरत नव्हती. आम्ही दोघं कायम अदबीनं वागलेली माणसं. एरवी बडबड्या असलेला हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जेवण दोन घास. काही हवं का विचारलं की, “बिलकूल न्हाई.”

तिसऱ्या दिवशी व्यायामाला तीच पालमची मुलगी आली. तिनं त्यांची जीभ पाहिली, ओठ पाहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “काका पाणी प्यायलेत का?” मी उशाशी ठेवलेला तांब्या उचलला. सकाळी भरला तसाच होता. आदल्या दिवशीचंही तेव्हा माझ्या लक्षात आलं. उठवायला मला हाक मारावी लागू नये, म्हणून हा माणूस पाणीच पीत नव्हता.

ती गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो. रागवावं असं फार वाटत होतं. पण तोंडातून निघालं भलतंच.

“इवाई, मागच्या साली मी आठ दिवस आजारी होतो, तेव्हा काय झालं होतं माहीत आहे?”

“ताप व्हता म्हनले तुमी.”

“मूळव्याध. पुण्याला लेकीकडे राहून ऑपरेशन केलं. तुमच्या मुलानं मला पालथं करून मलम लावलंय, रोज दोन वेळा.”

इवायांनी मान वळवली. माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि बघता बघता ते असे हसले की टाक्यांना कळ लागून “अगायायाया” करत पुन्हा हसले. “आमचं पोरगं?” “तुमचंच.” “आन बोललं न्हाई कधी!” डोळे पुसून म्हणाले, “मग आना बरं एक तांब्या. लय तहान लागलीय.”

त्यानंतर आमची अदब संपली. मी त्यांना उठवायचो, ते मला शिव्या द्यायचे, मी व्यायाम मोजायचो, ते मधले आकडे गाळायला सांगायचे. टाके निघाले. पाय काटकोनापर्यंत वाकू लागला. एका दुपारी पलंगाच्या कडेला बसून पाय मागे-पुढे करताना बेचाळीसवर ते थांबले.

“दुखतंय का?”

“न्हाई. दुखत न्हाई, तेच तर.” माझ्याकडे न बघता म्हणाले, “पोराच्या मायचे बी दुखायचे. दोन्ही. मळ्यातून यायची, उंबऱ्यावर टेकायची, आन म्हनायची, उठवा वो जरा. मी म्हनायचो, वयानं व्हतंच, ऊठ. कुण्या डॉक्टरला दावलं न्हाई. ध्यानातच आलं न्हाई माझ्या.”

त्यांनी पाय पुन्हा उचलला. मी त्रेचाळीस म्हटलं.

आता ते बोरीला आहेत. काठी न घेता शेतात जाऊन येतात. डाव्या गुडघ्याचं दिवाळीनंतर बघू म्हणतात. मधूनमधून परभणीला येतात, पण एकटे कधीच नाही. गावातल्या कुण्या बाईचे गुडघे दुखतात असं कानावर आलं, की तिच्या नवऱ्याशी भांडून ते तिला एसटीत बसवतात आणि त्याच डॉक्टरांकडे घेऊन येतात. परवा आणलेली तिसरी. पंचेचाळिशीची असेल, कापूस वेचणारी. मी दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा ती नुकतीच तपासून बाहेर आली होती. ऑपरेशनचं काही नाही, गोळ्या आणि व्यायाम करा म्हणून सांगितलं होतं. एवढ्यासाठी एका दिवसाचा रोज बुडाला म्हणून ती कुरकुरत होती.

इवाई तिच्या कागदाची घडी घालत होते. ती त्यांनी सावकाश पूर्ण केली, तिच्या पिशवीत ठेवली.

“येळेत आलीस, माय,” ते म्हणाले. “येळेत आलीस.”