एर्सिलियाला पटत नाही

कॉफी मी सांडली, हे आधीच कबूल करतो. सकाळची पहिली कॉफी मी एर्सिलियाच्या हॉटेलात, काउंटरला टेकून उभ्यानंच घेतो. तीस वर्षांत कप कधी कलंडला नव्हता. त्या सोमवारी मात्र हातवारे करत बोलायला गेलो आणि अख्खा कप एका जर्मन पाहुण्याच्या पासपोर्टवर! नोंदीसाठी तो तिथे ठेवून बिचारा नुकताच वर गेला होता. मी गावचा न्हावी. पासपोर्ट घेऊन समोरच्या माझ्या दुकानात पळालो आणि केस वाळवायच्या यंत्राखाली एकेक पान धरलं. पानांना सुरेख लाटा आल्या. बायका याच लाटांसाठी माझ्याकडे रांग लावतात. वाळवता वाळवता नाव-गाव वाचणं आलंच. योखेन हार्टविग, राहणार स्टुटगार्ट, जन्म कियावारी.

कियावारी म्हणजे आमच्या सांता झितापासून आगगाडीनं तिसरं स्टेशन. आमची निम्मी पोरं तिथल्याच इस्पितळात जन्मतात.

हे मी एर्सिलियाला सांगितलं, ही माझी दुसरी चूक.

एर्सिलिया बोन्फान्ते माझ्याच वर्गातली. संशय हा तिचा स्वभाव नाही, ते तिचं पूर्णवेळ काम आहे. हॉटेल ती उरलेल्या वेळात चालवते. कोळ्यानं आणलेल्या प्रत्येक माशाच्या डोळ्यांत ती डोळे घालून बघते. देवावर तिचा विश्वास आहे, पण चर्चमधलं तीर्थाचं पाणी कधी बदललं हे ती पाद्रीबाबांना विचारते. तिचा नवरा नान्नी, देव त्याला शांती देवो, लग्नाआधी सहा वर्षं तिच्या मागे फिरत होता. का फिरतोय, हे तिला पटत नव्हतं.

हॉटेल मात्र बघत राहावं असं. अकरा खोल्या, गुलाबी भिंत, हिरव्या खिडक्या. त्यातल्या दोन खिडक्या खोट्या, भिंतीवर नुसत्या रंगवलेल्या, आमच्याकडे असतात तशा. "समुद्राकडची ती कोपऱ्यातली खिडकी असलेली खोली द्या," असं पाहुणे हटकून त्यांच्याकडेच बोट दाखवून म्हणतात.

पण इमारत तिची नव्हे. मालक वकील ग्रोपाल्लो हिवाळ्यात वारले आणि ती परदेशातल्या कुणा भाच्याकडे गेली. भाच्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. भाडेकरार सप्टेंबरात संपणार होता. त्यानं तो वाढवला तर ठीक, नाहीतर तिथे फ्लॅट होणार आणि एर्सिलियाची अडतीस वर्षं ट्रंकेत भरली जाणार. भाचा गुपचूप येऊन बघून जाईल, अशी गावात कुजबुज होती.

"बाचिच्चा, हाच तो," एर्सिलिया मला म्हणाली.

"कियावारीत जन्मलेला प्रत्येक जण काय वकिलाचा भाचा?"

"तिथे जन्मून 'बोंजोर्नो' हा साधा नमस्कार इतका चुकीचा म्हणतो? तेवढं चुकायला मेहनत लागते."

मंगळवारी सकाळी उरलासुरला प्रश्नही मिटला. आपल्याकडे कुणी बघत नाही असं वाटून पाहुण्यानं फोकाच्चाचा, म्हणजे आमच्या तेलामिठाच्या चपट्या पावाचा, तुकडा मोडला, मिठाची बाजू खाली केली आणि दुधाळ कॉफीत बुडवून खाल्ला. नुसतं ऐकूनच जर्मन माणूस तोंड वाकडं करतो; मिलानचे लोकही करतात. हे फक्त आम्ही करतो. स्वयंपाकघराच्या पडद्याआडून एर्सिलियानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर वस्तरा जपून धरावा लागला.

"मग आता त्याला उत्तम जेवू घाल," मी म्हटलं.

"अरे शहाण्या, हॉटेल जोरात चाललंय असं दिसलं तर तो स्वतःच चालवायला घेईल!"

"मग वाईट वाढ."

"आणि बंद पडायला आलंय असं वाटलं तर? फ्लॅट!"

म्हणून तिनं दोन्ही केलं. मंगळवारी अक्रोडाच्या सॉसमधले पान्सोत्ती, म्हणजे पालेभाजी भरलेल्या पुरचुंड्या, बुधवारी नुसता उकडलेला भात. गुरुवारी पुन्हा मेजवानी, भरलेल्या भाज्या; शुक्रवारी कालच्या बांगड्याचं ताट. पण ते ताट पाहुण्यासमोर ठेवलं आणि तिचा चेहराच बदलला. त्यानं काटा उचलला, तोच हिनं खालून ताट ओढून घेतलं.

"हा मासा आजचा नाही. अंडं करून देते."

मी कोपऱ्यातल्या टेबलावर होतो. म्हटलं, संपलं सगळं.

अंडं खाऊन झाल्यावर एर्सिलिया त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"मिठाची बाजू खाली करून फोकाच्चा बुडवायला स्टुटगार्टात कुणी शिकवलं?"

तो आधी लाल झाला, मग आमच्याच बोलीत म्हणाला, "आईनं. वकील ग्रोपाल्लोंची धाकटी बहीण."

"मग लपवलंत कशाला?"

"मालक म्हणून आलो असतो तर मालकाचं जेवण मिळालं असतं. मला पाहुण्याचं हवं होतं."

"मग, काय कळलं?"

"काही नाही, सिन्योरा. एक दिवस स्वर्ग, एक दिवस इस्पितळ. माझं डोकं चालेना."

"माझंही," एर्सिलिया म्हणाली.

तो हसला. "पण समोर कोण बसलंय हे माहीत असून जिनं मासा शिळा असल्याचं तोंडावर सांगितलं, तिच्या हातात इमारत ठेवायला हरकत नाही." त्यानं खिशातून कागद काढले. नऊ वर्षांचा करार. त्यानं तिथेच सही केली. सांता झितात आजवर कुणाला असा करार मिळालेला नाही. एर्सिलियानं प्रत्येक पान उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं, तिसरं पान हुंगलंसुद्धा. मग सही केली. तो सामान बांधायला वर गेला.

माझे डोळे भरून आले होते. तिच्या चेहऱ्यावर मात्र हसू नाही. ती वर आढ्याकडे बघत होती.

"एर्सिलिया, अगं नऊ वर्षं! एकसुद्धा अट नाही! आता तरी खूश हो की!"

"एकसुद्धा अट नाही म्हणजे छपरात नक्की काहीतरी खोट आहे, शिडी आण."