बाळंतिणीला ऊन का नाही?

विशीतली बाई पाटावरून उठताना गुडघ्यावर हात रेटते, तेव्हा तुम्ही तिला काय म्हणता? शिरूरकडच्या आमच्या गावात म्हणायचे, "वात भरलाय." एवढं म्हटलं की विषय मिटायचा.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि माझी ताई दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं पोर अंगावरून सुटलं नव्हतं तोच दुसरं राहिलेलं. बाळंत झाल्यावर तिची कंबर, मांड्या ठणकू लागल्या. आईनं खोलीची खिडकी गोधडीनं बुजवली. वारं लागंल म्हणून ऊन बंद. वात वाढंल म्हणून दही-ताक बंद. दूध तर सगळं डेअरीलाच जायचं. ताई भिंत धरून चालायला लागली, तसा सासरहून निरोप आला: चालत येत असंल तरच पाठवा.

मी भांडून तिला दौंडच्या दवाखान्यात न्यायला लावलं. एसटीच्या पायरीवर तिचा पाय उचलेना. मागून कंडक्टर ओरडला, "आज्जी, आटपा की, गाडी काय इथंच मुक्कामाला ठिवू?" ताईनं मान वळवली. तिचं विशीतलं तोंड बघून त्यानं हात दिला. मला त्या हाताचाही राग आला.

डॉक्टरीणबाईंनी नडगी दाबली तशी ताई कळवळली.

"हिला ऊन मिळतं का?"

"वल्ली बाळंतीण उन्हात कशी बसवू? वातानं धरलीया," आई म्हणाली.

"वात नाही हा. हाडं मऊ पडलीत. लागोपाठच्या पोरांनी हिच्या हाडातला चुना ओढून नेला, आणि तो भरून यायच्या सगळ्या वाटा तुम्ही बुजवल्यात."

"चुना व्हय? मंग पानाला लावून देते की!"

"पानातल्या चुन्यानं भागत नाही, मावशी. गोळ्या, दूध, ऊन. आणि तिसरं पोर इतक्यात नको."

दुसऱ्या दिवशी आमचे वडील, आप्पा, किटली घेऊन डेअरीला निघाले. मी दारात आडवी उभी राहिले.

"आधी ताईच्या वाट्याचं दूध काढून ठेवा."

"सर बाजूला. येळ टळंल."

"समतेची पत्रकं मला तुम्हीच वाचायला दिलीत ना, आप्पा? ती काय फक्त चावडीवर चिकटवायला?"

आप्पांनी माझ्याकडं रागानं पाहिलं. मग पेला मागितला.

खिडकीवरची गोधडी मीच ओढून काढली, ती अंगणात अंथरली आणि ताईला तिच्यावर बसवलं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "बया, बाळंतीण उघड्यावर? पोरगी मारायची हाय का?" आई सारखी ताईच्या कानाला फडकं बांधायची, मी सोडायची. ताई मात्र डोळे मिटून उन्हात बसून राहिली.

सुगीपर्यंत ताई चालू लागली. सासरी गेली तीही पायांनी, पण एका अंगाला झुकत. तेवढं राहिलंच. एवढं पोरवय, आणि कमरेचं हाड पुन्हा सरळ झालं नाही. अजून मला स्वस्थ बसवत नाही.

तुमच्या घरात अशी लेक-सून असेल तर तिला उद्याच डॉक्टरला दाखवा. आणि सकाळी तिला उन्हात बसवा. गल्ली बोलली, तर तुम्हीही तिच्या शेजारी जाऊन बसा.