निरोपाच्या पत्राखालची दुरुस्ती

ऑफिसात सगळे तिला चूकभूलताई म्हणायचे, अगदी तोंडावर. बातमीत मेलेला माणूस जिवंत निघाला की वाचक हिच्या नावाने शंख करणार आणि ही त्या बातमीखाली दोन ओळींची दुरुस्ती टाकणार. अकरा वर्षं हेच काम. बातम्यांच्या त्या वेबसाइटवर एकदा पडलेली दुरुस्ती मालकालासुद्धा काढता येणार नाही, असा नियम संस्थापकांनीच केलेला. त्यांना सगळे दादा म्हणत. नियमाची पाटी दादांनी स्वतः भिंतीवर ठोकली होती, फोटो काढायला माणूस बोलावून.

तर हे दादा कंपनी विकून निघाले. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना हॉलमध्ये उभं करून त्यांनी अर्धा तास नाकाने कांदे सोलले. मग रुमाल निघाला, टाळ्या पडल्या. ताईनेही वाजवल्या. नवे मालक दारात उभे होते आणि कोणाला ठेवायचं ते सोमवारी ठरणार होतं. नवरा घरी बसलेला, घर हिच्या एकटीच्या नोकरीवर.

दुपारी दादांचं निरोपाचं पत्र साइटवर लागलं. त्यात एक ओळ होती : 'अकरा वर्षांत दबावाखाली एकही बातमी काढली नाही.'

काय म्हणावं या माणसाला! ताईच्या खणात वही होती. कुठली बातमी कोणाच्या फोननंतर गायब झाली, सगळं तारखेसकट. एकूण एकवीस. आणि वाचकांनी विचारलं की 'तांत्रिक अडचण' असं साळसूदपणे सांगणारी हीच. शाळेच्या बसच्या ब्रेकची बातमी गेली तेव्हा एका आईने तीनदा फोन केला होता. माझी मुलगी त्याच बसने जाते, बातमी खरी की खोटी तेवढं सांगा, म्हणत होती. तिलाही तांत्रिक अडचणच.

नवऱ्याला फोन करून विचारलं तर तो म्हणाला, जाणारा गेला, तू गप बस. बरोबरच होतं त्याचं. तरी डबा तसाच राहिला आणि पत्राखाली दुरुस्ती पडली : 'एकवीस बातम्या दबावाखाली काढल्या. विचारणाऱ्यांना आमच्या दुरुस्ती विभागाने खोटं कारण सांगितलं. दिलगीर आहोत.'

दहा मिनिटांत दादांचा फोन. आधी ताई-ताई झालं, मग आवाज चढला. ती म्हणाली, नियम तुमचाच आहे. काही चुकलं असेल तर सांगा, दुरुस्तीची दुरुस्ती टाकते.

मग दादा म्हणाले, "एकवीस कशा? एकोणीस होत्या."

म्हणजे गृहस्थाने मोजल्या होत्या!

ताईने वही काढली, बोट ठेवून मोजलं. एकवीसच. पण बसची बातमी त्यात नव्हती. बाकीच्या दुसऱ्यांनी काढलेल्या. ही मात्र, 'ताई, तेवढी तुम्हीच काढा' असं दादा म्हणाले म्हणून तिने स्वतः काढली होती आणि त्या दिवशी वहीला हातही लावला नव्हता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलंच माझं, दादा," ती म्हणाली. "बावीस आहेत."

फोन कट झाला. तिने नवी दुरुस्ती टाकली, बातमी कोणाच्या हाताने गेली तेही लिहिलं. सोमवारची वाट न बघता खण आवरला. मग त्या आईचा नंबर शोधून फोन लावला आणि सांगितलं, बातमी खरी होती.

"ते कळलंच होतं," बाई म्हणाली. "तुम्ही तांत्रिक अडचण म्हणालात ना, दुसऱ्या दिवसापासून मुलीला त्या बसने पाठवणं बंद केलं."