नल्लकुंट्यातले दुसरे जेवण

नांदेडहून निघालेली गाडी सकाळी सिकंदराबादला पोचली. छोटे कारखानदार परदेशात माल कसा विकतात, यावर मला लिहायचे होते. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारले, "किधर जाना साब?" नल्लकुंटा म्हटल्यावर तो म्हणाला, "बैठो. गल्ली बोलते जाओ, मैं भूल जातूं."

ज्यांच्यावर लिहायचे होते ते मिलिंद वाघमारे घराच्या फाटकात येरझाऱ्या घालत होते. त्यांचे वडील, दादा, रेल्वेच्या नोकरीसाठी मराठवाड्यातून इथे आले आणि इथलेच झाले. मिलिंद यांनी पगाराची नोकरी सोडून मिरची कांडप यंत्रे बनवायला घेतली आहेत. इथियोपियातल्या मसाल्याच्या व्यापारी हिरुत त्या दिवशी यंत्र पाहायला येणार होत्या. पहिली परदेशी ऑर्डर मिळाली तर ठीक. नाही तर यंत्रांची भाड्याची शेड सोडायची आणि पुन्हा नोकरी शोधायची. हे त्यांच्या पत्नी सुषमा यांनी चहा देताना सांगितले.

शहराबाहेरच्या शेडमध्ये हिरुत यांनी यंत्र स्वतः चालवून पाहिले. पूड बोटांत चोळली, हुंगली, शिंकल्या आणि हसल्या. मिलिंद यांना धीर आला.

जेवण घरी होते. मिलिंद यांनी माहिती काढून तयारी केली होती. बुधवार, म्हणजे तिकडच्या ख्रिस्ती लोकांप्रमाणे पाहुणीच्या उपवासाचा वार. मांस नाही, दूध नाही, तूपही नाही. ज्वारीची भाकरी, गोंगुरा (अंबाडीची भाजी), पप्पू (वरण), मिरचीचा ठेचा. टेबलाशी खुर्ची एकच. हिरुत जेवत होत्या आणि घर उभे होते. सुषमा वाढत होत्या, दादा पाण्याचा जग धरून मागे.

"तुम्ही?" हिरुत यांनी इंग्रजीत विचारले.

"तुमचं झाल्यावर, मॅडम," मिलिंद म्हणाले.

हिरुत यांनी अर्धी भाकरी ठेवून हात धुतला. ऑर्डरचे विचारल्यावर म्हणाल्या, "कळवते."

हॉटेलपर्यंत मी त्यांच्याच गाडीत होतो. नारायणगुड्याच्या सिग्नलवर त्या म्हणाल्या, "आमच्याकडे सगळे एका ताटात जेवतात. जो माझ्यासोबत जेवत नाही, त्याच्याशी मी व्यवहार करत नाही. ही माणसं मला घाबरतात, की मी त्यांना नकोशी आहे?"

पाहुणा जेवल्याशिवाय घरच्यांनी जेवू नये, हा इथे मान आहे, असे मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "उद्या विमानाआधी मला भूक लागेल. त्यांना सांगा."

मी परत जाऊन सांगितले. मिलिंद यांनी कपाळावर हात मारला. "वार पाठ केले, हो! बसायचं कुठं, हे कुणी लिहिलंच नाही."

दादांना ते मान्य नव्हते. "माझ्या लहानपणी आम्हाला पाणी वरून ओतायचे. आता आपल्या घरी पाहुणा येतो, आपण वाढतो. तिच्या ताटात हात घालू? नक्को बाबा."

दुसऱ्या दिवशी सुषमा यांनी जमिनीवर चटई टाकली, मधोमध परात. परातीत भाकऱ्या पसरल्या, त्यांवर मटण. हिरुत मांडी घालून बसल्या. मिलिंद बसले, सुषमा बसल्या, मलाही बसवले. दादा भिंतीशी उभेच.

हिरुत यांनी भाकरीत मटण गुंडाळले आणि उठून घास दादांच्या तोंडासमोर धरला. "गुर्शा," त्या म्हणाल्या. (गुर्शा म्हणजे मानाने भरवलेला घास.) दादांनी मुलाकडे पाहिले.

"सुनेच्या हातचं रोज खाता की," सुषमा म्हणाल्या. "पाहुणीचं एक दिवस खाल्लं तर काय बिघडतंय? हात दुखेल तिचा."

दादांनी तोंड उघडले. चावायला त्यांना वेळ लागला. मग ते खाली बसले, परातीतून घास केला आणि तो हिरुत यांना भरवला. रस्सा हिरुत यांच्या बाहीवर सांडला. त्या पुसायला थांबल्या नाहीत.

निघताना त्या म्हणाल्या, "एक यंत्र पाठवा. बसवून द्यायला तुम्ही या. वडिलांनाही आणा."

संध्याकाळी मला सोडायला बापलेक सिकंदराबादला आले. मिलिंद फलाटावरही स्वस्थ नव्हते. "एकच यंत्र. ही ऑर्डर म्हणायची, की नकार द्यायची सभ्य रीत?"

दादांना वेगळेच पडले होते. "तिकडं जेवायला आपल्याला बसवतात कुठं?"

"ताटाभोवतीच, दादा. सगळ्यांसंगं."

"हौ? मग पासपोर्टला काय काय लागतं ते बघ."

गाडी सुटली. मिलिंद यांची चूक अज्ञानाची नव्हती, मानाची होती. पाहुण्याला वाढण्याचा मान त्या घराला उशिरा मिळाला होता, आणि पाहुणीला तो मानच अंतर वाटला. निजामाबाद गेले तरी लेखात एका यंत्राला ऑर्डर लिहावे की चौकशी, हे माझे ठरत नव्हते. दोनदा खोडले. शेवटी ऑर्डर लिहिले. मराठवाड्यातून येऊन पुन्हा कुठे न गेलेला म्हातारा उगाच पासपोर्ट काढत नाही.