पितळी तोटीतली वाइन

सांगलीतल्या आमच्या प्रयोगशाळेत तपासायला येतं ते बहुतेक पाणी, दूध, बेदाणे. त्या दिवशी तासगावकडचं एक जोडपं वाइनच्या बाटल्या घेऊन आलं. गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले, आणि दोघांनी मिळून स्वतःच्या द्राक्षबागेतच छोटी वायनरी काढलेली. खरेदीदाराने माल परत पाठवला होता. वाइनमध्ये शिसं जास्त होतं म्हणे.

"मॅडम, औषधं आमी लय जपून मारतो. शिसं येतंय कुठनं?" गृहस्थांनी विचारलं.

मला आधी माझ्याच भांड्यांचा संशय. इतक्या सूक्ष्म मापात हवेतली धूळसुद्धा आकडा वाढवते. भांडी आम्लात भिजवली, धुतली, आणि मशीनला पहिल्यांदा नुसतं शुद्ध पाणी दिलं. ते स्वच्छ निघालं. मग वाइन दिली. शिसं होतंच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. द्राक्षं घेतली, टाकीचं झाकण उघडून वरून वाइन घेतली आणि खालच्या तोटीतूनही घेतली. द्राक्षं निर्दोष, वरची वाइन निर्दोष. तोटीतली मात्र नाही. तोटी पितळेची होती. पितळात थोडं शिसं असतं, आणि आंबट वाइन तोटीत साचून राहिली की ते तिच्यात उतरतं.

हे सांगायला मी पुन्हा गेले तेव्हा गृहस्थांचा चेहरा खुलला. "म्हंजी आमच्या द्राक्षात न्हाई!"

बाई मात्र तोटीकडेच बघत होत्या. चव बघायचं काम त्यांचं. रोज सकाळी तोटीतून निघणारा पहिला घोट त्यांचाच.

"ताई, मग माझ्या अंगात किती गेलं आसंल?"

बाटलीतला आकडा माझ्याकडे होता, या प्रश्नाचा नव्हता. ते मला सांगता येणार नाही, रक्त तपासावं लागेल, असं मी स्पष्ट म्हणाले, आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. शिसं थोडं वाढलेलं निघालं. आत जाणं थांबलं की हळूहळू उतरेल, काही महिन्यांनी पुन्हा तपासू, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी गाडीत बाईंनी रस्ताभर माझा हात सोडला नाही.

भरलेल्या बाटल्या त्यांनी विकल्या नाहीत. टाकीला स्टीलची तोटी बसली, तिच्यातली वाइन मी तपासली, ठीक होती. मधले महिने चव बाईंऐवजी यजमान बघत होते.

"ह्यांना समदीच वाइन चांगली लागती," बाई फोनवर कुरकुरल्या.

पुढच्या तपासणीत त्यांच्या रक्तातलं शिसं उतरलेलं होतं. रिपोर्ट घेऊन त्या थेट माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "आता ह्यांच्या हातनं गिलास काढून घेते."