बाबांनी होडीला तेल लावलं

आमच्या सिल्वासाच्या घराच्या पार्किंगमध्ये गाडी नाही, होडी आहे. अर्धवट का होईना. कयाक म्हणतात तिला: लांब, अरुंद, एका माणसापुरती. जवळच्या सायली गावातल्या कारखान्यांत परदेशातून यंत्रं येतात ती पाइनच्या खोक्यांतून. खोकी भंगारात निघाली की मी फळ्या उचलते, लाकडाच्या वखारीत त्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून घेते आणि प्लायवूडच्या साच्यांवर एकेक पट्टी वाकवून शेजारच्या पट्टीला चिकटवते. दिवसभर कारखान्यात दुसऱ्यांच्या मालातल्या चुका काढणं हे माझं काम. निदान एक वस्तू स्वतः करावी आणि तिच्यात चूक काढायला जागाच ठेवू नये, एवढी हौस. नवरा म्हणतो, हौस कसली, खोड आहे.

आई गेल्यावर बाबांना मी इथे आणलं. गावी खाडीवर त्यांची होडी होती. पूल होईपर्यंत ते माणसं पलीकडे सोडायचे. इथे मात्र आम्ही त्यांना कशाला हात लावू देत नव्हतो. भाजी निवडायला घेतली की नवरा म्हणे, "राहू द्या बाबा, तुम्ही बसा." चहा हातात, पेपर हातात, पंखा त्यांच्याकडे वळवलेला. आणि दर दोन दिवसांनी ते म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात गावी जाईन म्हणतो." तिथे त्या बंद घरात एकटे राहणार, पडलेझडले तर कुणाला कळायचंही नाही. त्यांनी जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. म्हणून मी त्यांच्याशी आणखीच गोड वागायचे.

होडीचं लाकूडकाम संपलं. घासून घासून पट्ट्या गुळगुळीत झाल्या, पिवळ्याधमक दिसू लागल्या. आता त्यांवर काचेचं तलम कापड अंथरून रेझिन लावायचं. पाणी अडवतं ते हेच, आणि ते धरतं फक्त कोरड्या, स्वच्छ लाकडाला. रविवारी सकाळी करू, असं ठरवून मी शनिवारी कामावर गेले.

संध्याकाळी फाटक उघडलं तर उग्र वास आला. होडी काळीकुट्ट. शेजारी बाबा, हातात फडकं गुंडाळलेली काठी, चेहरा कधी नव्हे इतका खुललेला. गावाहून आणलेल्या बाटलीतलं काजूच्या टरफलांचं तेल त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत चोपडलं होतं. आमच्याकडे लाकडी होडीला हे तेल दरवर्षी लावतात. त्याशिवाय ती पाण्यात घालतच नाहीत.

"आता कीड लागायची नाही," बाबा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "एकदा विचारायचं तरी! तेलावर रेझिन बसत नाही बाबा. वर्षभराच्या मेहनतीचा विचका केलात. आता सगळं घासून काढायला हवं, आणि एवढ्याशा जाडीची पट्टी, ती घासणार तरी किती?"

नवरा धावत बाहेर आला. "अगं, हळू. बाबा आहेत ते."

"बाबा असले म्हणून काय झालं?" मी काठी त्यांच्या हातातून ओढून घेतली. बाबा आत गेले. जेवले आणि लवकर झोपले.

राग उतरला तशी भीती वाटायला लागली. इतके दिवस जीव टाकून सांभाळलं आणि एका होडीपायी घालवलं. आता ते थांबत नाहीत, हे मी धरूनच चालले.

सकाळी त्यांची खोली रिकामी होती. अंथरुणाची घडी नीट घातलेली. तशीच अनवाणी बाहेर धावले.

बाबा होडीपाशी वाकले होते. नाकावर माझा मास्क, हातांत माझे हातमोजे आणि पॉलिश पेपर. पायाशी काळा भुसा पडला होता, आणि वीतभर जागेत पिवळं लाकूड पुन्हा दिसू लागलं होतं.

"राहू द्या बाबा," सवयीने माझ्या तोंडून निघालं, "तुम्ही बसा."

त्यांनी मास्क खाली ओढला.

"गप गो. काल कुठे घरातला समजून ओरडलीस. आज परत पावणा करू नको मला. आणि हा कागद झिजला, दुसरा दे."